टँकला पहिला हात, उसाला पाठ

स्प्रेचा डबा हलवला की आत गोळी खडखडते. ती रंग ढवळण्यासाठी मुद्दाम टाकलेली असते हे मला माहीत नव्हतं. आळेफाट्याहून आणलेला डबा पहिल्यांदा हातात घेतला, हलवला, आणि आतून आवाज आल्याबरोबर तो ओट्यावर ठेवून मी मागे सरले. मामा खाटेवरून बघत होते. त्यांचं तोंड डाव्या बाजूने हसलं. उजवी बाजू आजारपणानंतर हसायची बंद झाली होती.

मामा म्हणजे माझे सासरे. ऐन उमेदीची सगळी वर्षं लष्करात टँक चालवत होते. पेन्शन घेऊन गावी आले, पिंपरी पेंढारच्या शिवारात वस्तीवर घर बांधलं आणि टोमॅटोच्या बागेलाही कवायत शिकवायला लागले. वाफे एका रेषेत, क्रेट एका रेषेत, सून एका रेषेत. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना टरकूनच असायचे. माझं माहेर आंबेगावात, डोंगराच्या अंगाला, भातखाचरांचं. तिकडे कुणी कुणाला एवढं दटावत नाही. पावसातच सगळ्यांची निम्मी ताकद जाते.

मग एके सकाळी मामा दात घासता घासता खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि शब्द जिभेवरून घसरायला लागले. पण खरी भीती वाटली ती पुढे. घरी आणल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि तसेच राहिले. जेवायला उठायचे, जेवायचे, पुन्हा भिंत. आख्ख्या वस्तीला दटावणारा माणूस असा गप्प झाला की घरात वावरायची चोरी होते. मला ते दटावणं हवंहवंसं वाटायला लागलं, आता बोला.

त्यांना भिंतीपासून वळवलं ते टँकने. माझ्या नवऱ्याने, चाकणला कंपनीत आहेत ते, ऑनलाइन मागवून एक खोकं आणलं. आत प्लास्टिकचे सुटे भाग होते. बोटाच्या पेरात हरवतील असे, फ्रेमला चिकटलेले. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, की वीतभर लांबीचा टँक तयार होतो. मामा जो चालवायचे तोच. मामांनी खोक्यावरचं चित्र बघितलं आणि उठून बसले. दुसऱ्या दिवशी माझं नेलकटर गायब झालं. मग भुवया कोरायचा चिमटा गेला.

एका डाव्या हाताने त्यांनी तो टँक वर्षभर जुळवला. उजवा हात कागदावर ठेवायच्या वजनासारखा भागांवर ठेवायचे आणि डाव्याने काम करायचे. एखादी कडी उडून खाटेखाली गेली की मी, माझा नवरा, घरी आलेला पाव्हणा, सगळे जमिनीवर रांगायचो. आणि मामा वरून हुकूम सोडायचे. मागच्या दिवाळीनंतर शेवटचा भाग बसला. आता रंग राहिला होता, आणि रंगाच्या आधी अस्तर, म्हणजे प्रायमर. ते नसेल तर प्लास्टिकवर रंग धरत नाही. डब्याचं बटण दाबायला मामांच्या बोटात जोर नव्हता.

"तुमच्या पोरानं मारला तर?" मी सुचवलं.

"त्याचा हात धसमुसळा हाय," मामा एकेक शब्द जुळवत म्हणाले. "तू मार. तुझा हात फवारणीचा हाय."

ते खोटं नव्हतं. नवरा शिफ्टला गेला की टोमॅटोची फवारणी मीच करते. पाठीवर पंप घेऊन आख्खा प्लॉट एका सकाळी उरकते. पण टोमॅटोचं एक झाड करपलं तर शेजारी दुसरं असतं. हा टँक एकच होता. मामांच्या डोळ्यांना आणि बोटांना दुसरा झेपणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तो माझ्या हातून बिघडला तर मामा पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि या खेपेला वळणार नाहीत. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. भाकरी थापताना, गाईला वैरण टाकताना, तेच. भिंत आणि मामांची पाठ.

मी चार दिवस काहीबाही कारणं काढली. आज वारा आहे, आज ढग आहेत, आज अंग दुखतंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं मामा म्हणाले नाहीत, पण त्यांच्या डाव्या भुवईने म्हणून घेतलं.

आता जागेचं सांगते, कारण भीती तिथूनच दुप्पट झाली. घरात फवारता येत नव्हतं, त्या वासाने मामांना ढास लागते. ओसरीसमोर रस्ता आहे, गाड्या गेल्या की धुरळा. वारा पडलेला असतो तो फक्त पहाट उलटताना, आणि आडोसा आहे तो फक्त गोठ्याच्या मागच्या भिंतीला. त्या भिंतीसमोर भावकीचा ऊस. मध्ये एक बैलगाडी जाईल एवढीच जागा.

आमच्याकडे ऊस म्हणजे बिबट्या. हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो, आणि डोंगरातला वाघ त्याला कुणी दाखवला तर तोच घाबरेल. पोरं शाळेत घोळक्याने जातात. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला बसायला लागल्यात. आणि एक नियम लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. उसाच्या कडेला बसायचं नाही, वाकायचं नाही. उभ्या माणसाला तो बिचकतो. बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. अगदीच बसून काम करायचं असेल तर दुसऱ्याने राखणीला उभं राहायचं, उसाकडे तोंड करून. राखणीला असलेल्याने मागे बघायचं नाही. मागे काहीही होवो.

मला नेमकं बसावं लागणार होतं. टँक टेबलावर ठेवून बघितला, तर एवढ्याशा झुळुकीनेही फवारा उडून गेला असता. भिंतीच्या बुडाशी, क्रेटवर घालायच्या पुठ्ठ्याच्या आडोशात ठेवला तरच जमणार होतं. म्हणजे उसाकडे पाठ करून, उकिडवं, खाली मान घालून बसायचं. शेळी झाले की मी.

"मी हाय राखणीला," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. एक हात लुळा, एक पाय ओढता. पण त्या घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं, नवऱ्याची रात्रपाळी होती. आणि ज्या माणसाला वर्षभर आपण सांभाळतो, तो म्हणतोय मी तुला सांभाळतो, तर नाही कसं म्हणायचं?

उजाडलं तेव्हा मी प्लास्टिकची खुर्ची उसाकडे तोंड करून मांडली. मामांना फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून धरून आणून खुर्चीत बसवलं. मांडीत स्टीलची थाळी, डाव्या हातात उलथनं. माझ्या मोबाइलवर अभंग मोठ्याने लावून खुर्चीच्या पायाशी ठेवला. आदल्या दिवशी पाण्याच्या चारीच्या बाजूला, जिथे ऊस गोठ्याच्या सर्वांत जवळ येतो, ओल्या मातीत ठसे बघितले होते. ते मामांना सांगितलं. "हां," म्हणाले. मग मी त्यांच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून बसले. आमच्या पाठी एकमेकींकडे होत्या.

टँक जुन्या पाटावर ठेवला होता, म्हणजे हात न लावता फिरवता येईल. त्या उजेडात तो फार बारका दिसला. चाकं काळी, अंग वाळूच्या रंगाचं, सांध्यांवर मामांच्या बोटांनी लागलेला डिंकासारखा डाग. डबा हलवला. खडखड. माझी मान आपोआप मागे वळली, उसाकडे.

"पुढं बघ," मामा म्हणाले. त्यांना माझी मान दिसत नव्हती. कसं कळलं कोण जाणे.

मी बटण दाबलं, आणि माझ्या हाताने त्याला येतं तेच केलं. टोमॅटो फवारताना एक शिकवण असते: पान वरून आणि खालून ओलं झालं पाहिजे, थेंब गळायच्या बेतात आलं पाहिजे, तरच औषध लागू पडतं. कोरडं राहिलं की रोग तिथूनच घुसतो. माझा हात टँकच्या डाव्या अंगावरून तसाच फिरला. जवळून, सावकाश, चाकांच्या मागेसुद्धा. करडा रंग बसला, छान बसला, मला बरं वाटलं. आणि मग तो ओघळला. वरच्या कडेवरून एक धार निघाली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि चाकांच्या मध्ये रंगाचं डबकं झालं. मामांनी चिमट्याने बसवलेले बारके खिळे त्यात बुडाले.

औषध जास्त पडलं की आम्ही ताबडतोब साध्या पाण्याने झाड धुऊन काढतो. माझा हात गोठ्यातल्या बादलीकडे गेलासुद्धा.

"झालं का एक अंग?" मामांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. ते मागे बघणार नव्हते. तेवढ्या वेळात पुसता आलं असतं, धुता आलं असतं, काहीतरी करता आलं असतं. पण ज्या आवाजात त्यांनी विचारलं त्यात इतका भरवसा होता की माझं रडूच फुटलं.

"मामा, ओघळ आलेत. लई आलेत. बिघडवला मी. बघा तुमी, बघा की एकदा."

पाठीमागे काही हललं नाही. अभंग चालू होता. मामा म्हणाले, "मी न्हाई बघणार. मी राखणीला हाय."

वर्षभर ज्या वस्तूवर त्यांनी डोळे फोडले, ती त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर नासत होती, आणि ते मान वळवत नव्हते. कारण मी बसलेली होते. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, इतका की ओरडावंसं वाटलं. बघा ना म्हातारबा, तुमचा टँक आहे.

"पाणी लावू नको," ते म्हणाले, जणू बादली त्यांना दिसलीच. "पुसू नको. वाळू दे तसंच. तू सांग मला, कुठं कुठं आलेत."

मी नाक ओढत सांगत गेले. वरच्या कडेपासून दोन. चाकांच्या मध्ये डबकं. ते ऐकत होते.

"वाळलं की घासू. बारक्या पॉलिश पेपरनं," म्हणाले. मग दम खाऊन, शब्द एकेक उचलत, त्यांनी मला पूर्वी कधी न सांगितलेलं सांगितलं. "लढाईत डायव्हरच्या डोक्यावरचं झाकण बंद असतंय. फटीतनं चिमूटभर दिसतं पुढचं. वर कमांडर उभा. तो सांगायचा, लेफ्ट. मी लेफ्ट. राइट. मी राइट. का म्हनून इचारायचं न्हाई. आज तू वर हाईस. मी खाली."

मग म्हणाले, "आता फवारणी नको. धुरळणी कर."

धुरळणी म्हणजे गंधकाची भुकटी उडवणं. लांबून, हात न थांबवता, पानावर नुसती भुरकी बसेल इतकी. हा शब्द त्यांनी आधी उच्चारला असता तर! पण मलाही तो सुचला नव्हता. डबा बघितला आणि पंप आठवला, एवढंच.

मी पाट फिरवला. दुसरं अंग समोर आलं. हात लांब धरला, टँकच्या बाहेर बटण दाबलं, टँकवरून हात नेला, पलीकडे जाऊन सोडलं. भुरकी बसली. पुन्हा एकदा.

आणि तेव्हा ऊस वाजला.

वाऱ्याचा आवाज तसा नसतो. हे पात्याला पातं घासत, थांबत, पुन्हा घासत येणं होतं. चारीच्या बाजूने, जिथे ठसे होते तिथूनच. मामांच्या उजव्या हाताला. मी डबा घट्ट धरला.

मामांनी थाळी बडवायला सुरुवात केली. आणि घशातून असा आवाज काढला की गाई दाव्याला हिसके द्यायला लागल्या. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ते ताठ बसले होते, थाळी वाजत होती, पण नजर होती डावीकडच्या बांधावर. तिथे तर काहीच नव्हतं. मला वाटलं, तिथे दुसरा आहे. मला न दिसलेला, त्यांना दिसलेला.

"तू मार," ते ओरडले. "मी बघतोय."

मी पुन्हा भिंतीकडे वळले आणि मारलं. डोळे निम्मे मिटून, देवाचं नाव घेत, टँकच्या बाहेरून बाहेर, बाहेरून बाहेर. तोफेची नळी, वरचा भाग, मागची बाजू. उसातला आवाज थांबला. कोल्हा होता, मोर होता की तोच होता, मला आजही सांगता येणार नाही. बघायला कोण गेलं!

डबा खाली ठेवला तेव्हा ऊन गोठ्याच्या पत्र्यावर आलं होतं. तीन बाजू चांगल्या होत्या. चौथ्या बाजूचे ओघळ वाळून सुरकुतले होते. मी पाट उचलून मामांपुढे आले. भेदरले होतेच, पण आता दाखवायलाच हवं होतं. पाट त्यांच्या उजव्या गुडघ्याशी धरला.

"आण की," मामा म्हणाले.

"हा काय, आणलाय."

"कुठाय?"

मला वाटलं चेष्टा करतात. पण चेष्टा नव्हती. त्यांचा चेहरा सरळ उसाकडे होता आणि टँक त्यांच्यापासून वीतभर उजवीकडे होता. मग त्यांनी आख्खी मान उजवीकडे वळवली, पार खांद्याला हनुवटी लागेपर्यंत, आणि एकाएकी त्यांना टँक दिसला. "हां," म्हणाले, आणि ओघळांवरून अंगठा फिरवला. "निघतील. लई न्हाईत."

मला ओघळांचं काही राहिलं नव्हतं. मला भाजी आठवत होती.

ताट वाढायची आपली रीत आहे. डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. आजारपणानंतर मामा माझी भाजी खात नव्हते. भाकरी, भात, चटणी साफ, आणि भाजी तशीच्या तशी. गेलेल्या सासूबाईंच्या हातची चव नाही म्हणून ठेवतात, असं मी धरून चालले होते. कितीतरी दुपारी मी ती गाईच्या पाटीत रागाने ओतली आणि गाईला ऐकवलं, की खा बाई, तुला तरी चालते. दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा रोज धडकायचा, तो मी पायाच्या माथी मारला होता. अर्धांगाने त्यांचा नुसता हात नेला नव्हता. उजवीकडचं निम्मं जग नेलं होतं. आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, किंवा त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. मंचरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं, पण मला ते तिथेच, गोठ्यामागे, कळलं होतं.

मी चारीकडे बघितलं. ऊस तिथून किती जवळ होता! मी एवढा वेळ त्या बाजूला पाठ करून, मान खाली घालून बसले होते, आणि त्या बाजूला राखणीला कुणीच नव्हतं. पाट हातात होता म्हणून मी तो आधी नीट खाली ठेवला. मग मी मातीतच बसले आणि रडायला लागले. मामा डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटत होते. त्यांना वाटलं, टँकसाठी रडतेय.

दुपारी मी वाटाण्याची उसळ त्यांच्या ताटात डावीकडे वाढली, चटणी उजवीकडे. सासूबाई असत्या तर त्यांनी माझं माहेर काढलं असतं. मामांनी उसळ संपवली. पुन्हा मागितली. "आज भाजी केलीस व्हय," म्हणाले. मी चुलीकडे तोंड केलं.

संध्याकाळी त्यांनी पॉलिश पेपर भिजवून ओघळ घासले. डबक्यात बुडालेले दोन खिळे काही वर आले नाहीत. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. पण घासलेल्या जागी प्लास्टिक उघडं पडलं होतं. उद्या दुसरा हात मारावा लागणार होता.

मी त्यांना सांगायला हवं होतं, की मामा, तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही, राखणीला मी दुसऱ्या कुणाला आणते. शेजारचे दीर आले असते. पण टँक वाचला म्हणून नुकताच ज्याचा चेहरा भिंतीपासून कायमचा वळला होता, त्या माणसाच्या हातातली थाळी मी काढून घेऊ? रात्रभर त्याच विचारात होते. बिबट्याची भीती होतीच. ती काही कमी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तीच खुर्ची मांडली, तीच थाळी दिली, अभंग लावला. मामा उसाकडे तोंड करून बसले. मी उसाकडे पाठ करून उकिडवी बसले. डबा हलवला, गोळी खडखडली.

"मामा," मी म्हणाले, "राइट."

पाठीमागे खुर्ची करकरली. मी मान वळवून बघितलं. मामांनी आख्खी मान उजवीकडे वळवली होती, चारीकडे, खांद्याला हनुवटी लावून. का म्हणून विचारलं नाही.

मी एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "लेफ्ट." मग पुन्हा हात फिरवला आणि पुन्हा, "राइट."